धुराड्यावरचं घमेलं

धोंडसाहेब वारल्याचं परवा गणपत फिटरांनी सांगितलं. मी "अरेरे" म्हटलं आणि चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला काही वाईट वाटलेलं नाही. गणपतभाऊ गेल्यावर मी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात धोंडसाहेबांनी मला दिलेल्या चिठ्ठ्या आहेत. जांभळ्या कार्बनच्या, घड्या पडलेल्या. पुसट झाल्यात, पण वाचता येतात.

साहेब नेहमी म्हणायचे, "जे लेखी नाही, ते झालंच नाही." म्हणून आज लिहायला बसले आहे. लिहिताना त्यांना 'तो' म्हणायचं ठरवलं होतं. पण इतकी वर्षं मान खाली घालून 'साहेब, साहेब' केलं, आता हात ऐकत नाही.

घाटकोपरला पूर्वेकडे, मिठागरांच्या वाटेवर, रेल्वेच्या चाळींच्या टोकाला एक जुनी शेड होती. तिथे रेल्वेने छोटं संग्रहालय काढलं होतं. लोक त्याला इंजिनघर म्हणत. आत चार कंदील, सिग्नलचे दोन हात, बंद पडलेली घड्याळं, भिंतीवर मिशीवाल्या गोऱ्या साहेबांचे फोटो. आणि मधोमध रुळाच्या तुकड्यावर एक वाफेचं इंजिन. पूर्वी ते मिठाचे डबे ओढायचं. पुढे गंजून गवतात पडलं होतं. गणपत फिटर आणि शेडमधल्या तिघाचौघांनी दीड वर्ष खपून ते उभं केलं. गंज खरवडला, चाकं सोडवली, फुटके पत्रे बदलले. गणपतभाऊ त्याला 'म्हातारी' म्हणायचे आणि जाता-येता तिच्या अंगावर थाप मारायचे.

धोंडसाहेब त्याला फक्त नंबराने ओळखायचे. थाप सोडाच, त्यांनी कधी बोटही लावलं नाही. कपडे पांढरे असत ना.

साहेब मूळचे माल-गोदामातले कारकून. उभी हयात पोती आणि पावत्यांत गेली. शेवटची काही वर्षं कुठे ठेवायचे म्हणून त्यांना इंजिनघराचे मुख्य केलं. आल्याबरोबर त्यांनी कुठून तरी ड्रायव्हरची काळी टोपी मिळवली. ती टेबलाच्या खणात असायची. फाटकाशी पाहुणे दिसले की डोक्यावर चढायची, पाहुणे गेले की पुन्हा खणात. हातात लाकडी रूळ. त्या रुळाने लांबूनच इंजिनाचे भाग दाखवायचे आणि सुरू व्हायचं, "आम्ही जेव्हा ही गाडी काढायचो..."

एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, पायात वहाणा, हाताला भाजल्याचे जुने डाग. सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे विचारलं, "साहेब, बॉयलरात पाणी सोडायची कळ हिला कुठल्या हाताला होती हो?"

धोंडसाहेबांनी रूळ या हातातून त्या हातात घेतला. म्हणाले, "ते दिवसावर असायचं."

म्हातारे बाहेर पडले, फाटकाशी पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. ते खरे ड्रायव्हर होते. मी त्यांना पाणी नेऊन दिलं तेव्हा म्हणाले, "पोरी, सोमवारी डावीकडे असेल, नाही?"

माझे यजमान लोको शेडमध्ये फिटरांच्या हाताखाली खलाशी होते. ते तापाने गेले. त्यांच्या जागी मला घेतलं ते इंजिनघरात, झाडलोट आणि पितळ घासायला. पहिल्या दिवशी धोंडसाहेबांनी हजेरीचं पुस्तक पुढे केलं आणि त्याच्या शेजारी शाईची गादी सरकवली. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. सही येते, वाचताही येतं. पण गादी पुढे आली होती, साहेबांनी वर पाहिलंही नव्हतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी कसं सांगणार की काल चुकलं? असं करत करत सहा वर्षं मी अंगठा देत राहिले. दोष माझाच आहे. पण त्या माणसानेही सहा वर्षांत एकदा विचारलं नाही.

लेखी हुकमाचं त्यांना वेड होतं. खिशाला तीन पेनं, टेबलावर कार्बनची चवड. मला "दार लाव" म्हणायचं असलं तरी आधी लिहायचे. मग मला उभं करून मोठ्याने वाचून दाखवायचे, खाली माझा अंगठा घ्यायचे आणि कार्बनची प्रत माझ्या हातात द्यायचे. वर सांगायचे, "घडी करून जपून ठेव. पुरावा असतो." जिला वाचता येत नाही अशा बाईला चिठ्ठी द्यायची, हे त्यांना एकदाही विचित्र वाटलं नाही. मी मात्र घरी नेऊन प्रत्येक चिठ्ठी वाचायची. घरात वाचायला दुसरं काय होतं? शोभाची, माझ्या मुलीची, शाळेची पुस्तकं आणि धोंडसाहेब.

एक चिठ्ठी अशी आहे : 'इंजिनाच्या घुमटावर कावळे बसून घाण करतात. यापुढे कावळे बसल्यास झाडूवालीस जबाबदार धरले जाईल.' खाली माझा अंगठा.

गणपतभाऊंनी हे ऐकलं तेव्हा म्हणाले, "कावळ्याचो अंगठो गावाक नाय, म्हणून तुझो घेतलो, गो बाय!"

दुसरी पितळेची. खाडीचा वारा खारा. आज घासलेलं पितळ परवा हिरवं पडतं. घासायला सरकारी पॉलिशचे डबे यायचे. ते साहेबांनी कपाटात कुलूप घालून ठेवले, 'मोठ्या साहेबांच्या भेटीसाठी राखीव.' मग मी घरून चिंचेचा कोळ आणि चाळलेली राख आणायला लागले. आपण देवाची भांडी घासतो तसंच. म्हातारीची शिट्टी, कड्या, नंबराची पाटी असं चमकायचं की तोंड दिसावं. पाहुणे विचारायचे, "कशाने हो इतकं लखलखतं?" साहेब रूळ उंचावून म्हणायचे, "विलायती पॉलिश. आम्ही दुसरं लावूच देत नाही." पुढे कधीतरी कपाट उघडलं तेव्हा डब्यांतलं पॉलिश वाळून दगड झालं होतं. त्याचीही चिठ्ठी निघाली. 'पॉलिश वाळल्याबद्दल झाडूवालीस समज देण्यात येत आहे.' दिला अंगठा.

आता घमेल्याची गोष्ट. साहेबांचं सगळं रूप तिच्यात आहे.

शेडचं छप्पर नेमकं इंजिनाच्या धुराड्यावर फुटलं होतं. पहिल्या पावसाळ्यात पाणी सरळ धुराड्यातून आत गेलं. गणपतभाऊ ओरडले, "छप्पर दुरुस्त करा." साहेबांनी छपरासाठी वर पत्र पाठवलं आणि तोवर मला हुकूम दिला : 'पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून धुराड्यावर घमेले पालथे घालून तारेने बांधावे. बरे दिसावे म्हणून त्यास काळा रंग द्यावा. माझ्या लेखी हुकमाशिवाय काढू नये.' वाचून दाखवलं, अंगठा घेतला, प्रत दिली. शिडीवर चढून घमेलं बांधलं मी. रंग दिला मी. तळाशी पोचे आलेलं, सिमेंट कालवायचं साधं घमेलं होतं ते. पण काळा रंग बसल्यावर बरं दिसलं, खोटं कशाला सांगू.

छप्पर काही दुरुस्त झालं नाही. घमेलं तिथेच राहिलं. पुढच्या वर्षी कुणी पाहुण्याने विचारलं, "वर ते काय आहे?" साहेब अडले नाहीत. म्हणाले, "टोपी. कारखान्यातूनच अशी येते." त्यानंतर रोज तेच सांगायला लागले. मग त्यात भर पडायला लागली. ही टोपी ठिणग्या अडवते. अशी टोपी हिंदुस्थानात दोनच इंजिनांना होती. मी खाली चाक पुसत ऐकायची. तीनचार वर्षांत साहेबांची स्वतःची खात्री पटली. घमेलं त्यांच्या डोक्यातून गेलं आणि टोपी राहिली. थाप मारणारे खूप पाहिले, पण आपल्याच थापेवर इतका भाबडा विश्वास ठेवणारा हा एकच.

माझी नोकरी तोवर कच्चीच होती. पक्की होणं साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून. दर वर्षी ते माझ्यासमोर शेरा लिहायचे, मी टेबलापलीकडे उभी राहून उलटा वाचायची : 'काम समाधानकारक, परंतु लक्ष ठेवणे आवश्यक.' त्या 'परंतु'ने मला सहा वर्षं कच्चं ठेवलं. नोकरी गेली तर चाळीतली खोली जाणार. खोली गेली तर शोभाला घेऊन गावी सासूकडे. शोभा सातवीत होती आणि गावची शाळा चौथीलाच संपत होती. माझी तिथेच संपली होती.

त्या वर्षी दसऱ्याला मोठे साहेब पूजेला येणार असं ठरलं. शेडमध्ये दसऱ्याला इंजिनाची पूजा असतेच. झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. धोंडसाहेबांना वाटलं, तेवढ्याने काय होणार? म्हणाले, "मोठे साहेब वर चढून शिट्टीच्या दोरीला हात लावतील, तेव्हा धुराड्यातून धूर निघाला पाहिजे."

गणपतभाऊ म्हणाले, "वाफ नाय, पाणी नाय, धूर खंयसून येतलो?"

"सोडणं पेटवा आतमध्ये. ओली."

"म्हातारी निजली हा. तिका बिडी कित्याक ओढूक लायतास? माका जमाचा नाय." आणि ते सरळ रजा टाकून निघून गेले.

मग काम माझ्याकडे आलं. नारळाची ओली सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, आणि गोणपाट भट्टीत रचायचं, खुणेसरशी पेटवायचं. चिठ्ठी मिळाली, अंगठा दिला. आणि मग मी, जी कधी बोलत नाही ती, म्हणाले, "साहेब, वर घमेलं आहे..."

"काय?"

"धुराड्यावर. घमेलं."

"ती टोपी आहे! ठिणग्या अडवते, धूर अडवत नाही. इंजिनातलं तू मला शिकवू नकोस."

दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. सांगितलं नाही. भीतीने नाही सांगितलं की आता होऊनच जाऊ दे म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. तेवढं माझ्या पदरात.

दसऱ्याच्या सकाळी मोठे साहेब आले. पांढरा बुशशर्ट, बरोबर चारपाच जण. नारळ फोडला. धोंडसाहेब टोपी घालून रूळ फिरवत होते. मोठे साहेब वर चढले, दोरीला हात घातला. धोंडसाहेबांनी मला रुळाने खूण केली. मी भट्टीत काडी टाकली आणि मागच्या पायरीने खाली उतरले. सोडणं धुमसली. धूर नळ्यांतून पुढे गेला, घमेल्याला थडकला आणि आल्या वाटेने परत फिरला. एकदम भट्टीच्या तोंडातून लोट बाहेर आला. वर मोठे साहेब दिसेनात. फक्त खोकला ऐकू येत होता. मग ते उतरले ते चाचपडत, डोळ्यांतून पाणी, बुशशर्टाचा रंग आमच्या रंगकाम केलेल्या घमेल्यासारखा.

धोंडसाहेबांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "या बाईने काहीतरी केलं, साहेब."

मोठ्या साहेबांनी वर बघून विचारलं, "ते धुराड्यावर काय आहे?"

"टोपी आहे, साहेब. मूळची."

शिडी लावून शिपायाने तार सोडली. घमेलं खडखडत खाली आलं आणि धोंडसाहेबांच्या पायाशी उताणं पडलं. आतून सिमेंटचे खपले स्पष्ट दिसत होते. साहेब त्याच्याकडे असे पाहत राहिले की जणू प्रथमच पाहताहेत. मला वाटतं, खरंच प्रथमच पाहत होते.

आठवड्याने चौकशी झाली. मोठे साहेब स्वतः इंजिनघरात आले. धोंडसाहेबांनी दोन पानी अहवाल तयार ठेवला होता आणि उभं राहून वाचला : 'सदर स्त्री निरक्षर असून तिने कोणासही न विचारता परस्पर धुराड्यावर घमेले ठेवले. अशा व्यक्तीस कामावर ठेवणे धोक्याचे आहे.' अक्षर नेहमीसारखं सुंदर होतं.

मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

पदराखाली तो बिस्किटांचा डबा धरला होता, तो टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि वरच काढून ठेवलेली घमेल्याची चिठ्ठी पुढे केली.

मोठे साहेब वाचायला लागले आणि थांबले. "धोंड, हे अक्षर तुमचं?"

धोंडसाहेबांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि म्हणाले, मला शब्द न् शब्द आठवतो, "हुकूम माझा आहे, साहेब. पण मी तात्पुरतं म्हटलं होतं. हिला वाचता येत नाही. हिने कायमचं समजलं."

"यात तात्पुरतं कुठे लिहिलंय?"

"तोंडी सांगितलं होतं."

तोंडी! हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मी चिठ्ठी परत घेतली आणि वाचायला लागले. पहिली ओळ मलाच ऐकू आली नाही, दुसरी आली. "माझ्या... लेखी... हुकमाशिवाय... काढू नये." शेवटचा शब्द जरा मोठ्यानेच निघाला.

मोठे साहेब म्हणाले, "मग बाई, तुम्ही अंगठा का देता?"

"साहेबांनी गादी पुढे केली," मी म्हटलं.

मोठे साहेब हसायला लागले आणि हसता हसता त्यांना पुन्हा तो धुराचा खोकला लागला. धोंडसाहेबांकडून पेन मागून घेऊन त्यांनी माझ्या नोकरीच्या कागदावर स्वतः शेरा लिहिला. त्यात 'परंतु' नव्हता. त्याच पेनाने मी खाली सही केली, चंद्रभागा राणे, जरा वाकडी. महिनाभरात पक्की झाले. खोली राहिली. शोभा पुढे मॅट्रिक झाली.

धोंडसाहेबांना काही झालं नाही. अशा माणसांना होत नसतं. वर्षभराने ते रीतसर निवृत्त झाले. शाल, नारळ, पेढे. भाषणात ते म्हणाले, "माझ्या लेखी पद्धतीमुळे एका गरीब विधवेची नोकरी वाचली, याचं मला समाधान आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे उभे असलेले गणपतभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "घमेला खंय हा गो? ह्याच्या डोक्यार घालतंय."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं.

दोनेक वर्षांनी, भर दुपारी. इंजिनघरात कुणी नव्हतं. मी पलीकडच्या बाजूला चाकाशी बसून चिंच लावत होते. वहाणांचा आवाज आला. वाकून पाहिलं तर धोंडसाहेब. तसेच पांढरे कपडे, अंगाने थोडे आटलेले. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मी चाकाआड होते. मग त्यांनी वहाणा काढल्या, जोडून ठेवल्या आणि दांड्याला धरून वर चढले. ज्याला इतक्या वर्षांत बोट लावलं नव्हतं, त्यावर. चढताना दोनदा पाय घसरला. ड्रायव्हरच्या फळीवर बसले. थोडा वेळ नुसते समोर पाहत होते. मग शिट्टीची दोरी ओढली. शिट्टी कुठून वाजणार? तेव्हा त्यांनी स्वतःच्या तोंडाने, अगदी हळू, "कूऽऽ" केलं.

उतरले तेव्हा मी समोर हातात चिंचेचा गोळा घेऊन उभी. त्यांचा चेहरा उतरला. पण लगेच मान ताठ झाली. खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

"राणेबाई," ते म्हणाले, "जे लेखी नाही, ते झालंच नाही. कळलं?"

"हो साहेब," मी म्हटलं.

ते वहाणा घालून फाटकाकडे चालू लागले. ड्रायव्हरच्या फळीला गणपतभाऊंनी सकाळीच तेल लावलं होतं. साहेबांच्या पांढऱ्या पँटीवर, मागे, तळहाताएवढा काळा डाग उठला होता. तो तसाच घेऊन ते स्टेशनाच्या रस्त्याने ताठ मानेने गेले. मी हाक मारली नाही.

आज लिहून ठेवलं. खाली सही केली आहे.